डावीकडे ओढणारी गाडी

"भाऊजी, यांच्या फोनवर कुणी दुसराच माणूस बोलतोय."

सुनंदावहिनींचा आवाज शांत होता आणि त्या शांतपणाचीच मला आधी भीती वाटली. रविवार होता, सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. मिलिंद आठच्या सुमारास धुळ्याहून अमळनेरमार्गे चोपड्याकडे निघाला होता. मोटरसायकलवर, एकटाच. फोनवरच्या माणसाचं म्हणणं एवढंच होतं की गाडीवाले साहेब चहा पिता पिता बाकावरच कलंडले, लोकांनी त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलंय, तुम्ही लवकर या. मी शेजाऱ्यांची कार मागून घेतली. वहिनी शेजारी बसल्या होत्या, तापीचा पूल मागं पडला. मी चालवत होतो आणि नजर सारखी रस्त्याच्या डाव्या कडेला जात होती. गेले आठ महिने ती मोटरसायकल मला स्वप्नातसुद्धा डाव्या कडेलाच आडवी पडलेली दिसायची. चोपड्याच्या अलीकडे केळीच्या बागांना लागून एक टपरी आहे, तिथं कडुनिंबाखाली ती दिसली. मधल्या स्टँडवर उभी, हँडल लॉक केलेलं, टाकीवर हातमोजे एकावर एक नीट ठेवलेले. कुठं ओरखडा नाही. तिला अशी धड उभी पाहून मला क्षणभर हायसं वाटलं... हे लिहितानाही लाज वाटते.

मिलिंदला जाऊन आता दीड महिना होईल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आलेल्या निम्म्या लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, अपघात नेमका झाला कसा? अपघात झालाच नाही, म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. त्या गाडीबद्दल आम्ही सगळ्यांनी इतकं बोलून ठेवलं होतं की मिलिंद गेला म्हणजे गाडीनंच नेला, असं जो तो धरून चालला होता.

आमची ओळख धुळ्याच्या कॉलेजातली. मी पुढं शेती खात्यात चिकटलो, तो शिंदखेड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागला. पंचवीस वर्षं तो धुळ्याहून एसटीनं जाऊन येऊन करत होता. सहा फुटांच्या वर उंची, त्यामुळं बसमध्ये त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे आणि तो कायम तिरका बसायचा. अत्यंत सावध माणूस. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं बघणारा. असा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस मला म्हणाला, "बसच्या खिडकीतून रस्ता नेहमी बाजूनं दिसतो रे. मला तो एकदा समोरून बघायचाय." मला वाटलं, बोलतोय. पण त्यानं मोबाईलवर जळगावातली एक जाहिरात दाखवली. लांब पल्ल्याची मोटरसायकल, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढं वाऱ्याची काच, आणि किंमत बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी.

जळगावला आम्ही दोघं एसटीनंच गेलो. विकणारा तिशीचा इंजिनिअर होता, मऊ बोलणारा. गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. ताडपत्री आम्हीच काढली. तो ओट्यावरून खाली उतरला नाही. मिलिंदनं विचारलं, "कधी पडली होती का?" तो म्हणाला, "पावसात उभी असताना एकदा कलंडली होती, बाकी काही नाही." कागदांवर त्यानं डाव्या हातानं सह्या केल्या. उजवा हात कोपरातून सरळ होत नव्हता, हे मी पाहिलं. मिलिंदनंही पाहिलं असणार. आम्ही निघताना त्याची आई फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "नेताय तर न्या. पण काही झालं तरी परत आणू नका." गाडीत बिघाड निघाला तर पैसे परत मागू नका, असा त्याचा अर्थ मी घेतला. मिलिंदनं मान डोलावली. त्याला ऐकू आलं होतं की नाही कुणास ठाऊक. तो नव्या नवरदेवासारखा दिसत होता.

पारोळ्याच्या पुढं त्यानं गाडी थांबवली. मी मागं बसलो होतो. "ही डावीकडं जातेय," तो म्हणाला. "वारा असेल," मी म्हणालो. झाडाचं पानही हलत नव्हतं.

धुळ्याच्या देवपुरात नानांचं गॅरेज आहे. नाना म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, सत्तरीला आलेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले, एक डोळा मिटून मागच्या चाकाकडं पाहिलं. मग टाकी उतरवली आणि हँडलखालच्या नळीवर बोट ठेवून म्हणाले, "सर, हाई गाडी पडेल शे. साधी नही, जोरमा पडेल शे. आठे देखा, वेल्डिंग करेल शे आनि वरतून रंग मारेल शे." म्हणजे गाडी आधी जोरात आपटलेली होती. मिलिंद वाकून बघत राहिला. वेल्डिंगची गाठ करंगळीएवढी होती, पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. नाना हात पुसत म्हणाले, "इकनारा खोटं बोलना. पन गाडी खोटं नही बोलस. इकी टाका."

त्यानं विकली नाही. "मी कुणाला विकू?" तो मला म्हणाला. "सांगून विकली तर कुणी घेणार नाही. न सांगता विकायची तर मग त्या विकणाऱ्यात आणि माझ्यात काय फरक?" त्या जळगावच्या मुलावर तो चिडलाही नाही. त्याला सांगता आलं नाही, एवढंच, असं म्हणाला. सरळ माणसाचा हा हट्ट होता.

मग सुरू झाली गाडीची सेवा. टायर बदलले, हँडलमधला कोनसेट बदलला, पुढच्या शॉकअपचं तेल बदललं, चाकं सरळ करून घेतली. प्रत्येक वेळी थोडा फरक पडायचा आणि आठ दिवसांत ती पुन्हा डावीकडं ओढू लागायची. कापसाच्या दिवसांत हवेच्या फिल्टरमध्ये बोंडातलं तूस अडकायचं, ते तो रविवारी बसून ब्रशनं काढायचा. घराखालच्या पार्किंगच्या भिंतीवर त्यानं खडूनं सगळं लिहून ठेवलं होतं: तेल कधी बदललं, साखळीला वंगण कधी दिलं, बॅटरीत पाणी कधी भरलं. वर्गातल्या फळ्यासारखंच सुवाच्य अक्षर. त्याच गाडीवर तो रोज शिंदखेड्याला जायचा. जाताना पंचेचाळीस किलोमीटर आणि येताना तितकेच, हँडल सतत उजवीकडं दाबून धरत.

खांदा दुखायला लागला तो दिवाळीनंतर. डावा खांदा, मग दंड, कधी कधी पार कोपरापर्यंत कळ. त्यानं सांगितलं तेव्हा आम्ही त्याच्या घरी जेवायला बसलो होतो. मीच हसून म्हणालो, "अरे, ती गाडी डावीकडं ओढते आणि तू तिला दिवसभर उजवीकडं ओढतोस. दुखणार नाही तर काय होईल?" सुनंदावहिनींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना ही गाडी पहिल्या दिवसापासून नको होती. त्या रात्री भांडी आवरताना त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ऐकतात ते. एक दिवस ही गाडी त्यांचा घात करेल. मला तसंच वाटत राहतं." मी त्यांना शब्द दिला की बोलतो म्हणून. आणि बोललोही. पण काय बोललो? गाडी विक, बसनं जा, ट्रकवाले कसे चालवतात बघतोस ना... सगळं गाडीबद्दल.

उन्हाळा लागला. मार्चमध्ये एकदा मी गेलो तेव्हा तो गाडी मधल्या स्टँडवर घेत होता. जड गाडी ती, पायानं दाबून मागं खेचावी लागते. दोनदा प्रयत्न केला आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला. चेहरा राखेसारखा, शर्ट पाठीला चिकटलेला. मी पाणी आणून दिलं. "ह्या गाडीला दोन माणसं लागतात," मी म्हणालो आणि स्टँड लावून दिला. त्यानंतर त्याच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं मला सांगितलं की सर हल्ली वरच्या मजल्यावर जाताना मधल्या वळणावर थांबतात. "एवढी मोटरसायकल हाकून थकणारच ना," तोही म्हणाला. आम्ही सगळे एकच वाक्य बोलत होतो. त्याच्या वर्गात कुणी पोरानं एका मापावरून असा निष्कर्ष काढला असता, तर त्यानं त्याला उभं केलं असतं आणि विचारलं असतं, दुसरं कारण असू शकत नाही का?

शेवटी नानांनीच मनावर घेतलं. "आते मी हाई सोडत नही," म्हणाले. त्यांनी गाडी पार उघडी केली, इंजिन खाली उतरवलं आणि नुसता सांगाडा टेम्पोत टाकून जळगावला ट्रकच्या चेसीस सरळ करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडं नेला. जुनी वेल्डिंग कापून नळी बदलून आणली. ते दहा दिवस मिलिंद बसनं गेला. मी विचारलं नाही की त्या दहा दिवसांत खांदा कसा होता. माझ्या मनातच आलं नाही.

गाडी जोडून झाली त्या सकाळी नानांनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरा ताणून दाखवला. दोन्ही टायरांना दोरा सारखा टेकत होता. मिलिंद शिंदखेड्याच्या रस्त्याला एक फेरी मारून आला. मोकळ्या रस्त्यावर त्यानं क्षणभर दोन्ही हात सोडून पाहिले होते. गाडी रेषेसारखी सरळ गेली. हेल्मेट काढताना त्याचे डोळे भरले होते. नाना दुसरीकडं बघत स्पॅनर पुसत राहिले. मी लगेच वहिनींना फोन केला. म्हणालो, वहिनी, आता काळजी सोडा.

त्या शुक्रवारी तो माझ्या ऑफिसात आला. ती आमची शेवटची भेट. समोरच्या हॉटेलात चहा मागवला. रविवारी चोपड्याला जातो म्हणाला, पुढं सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. चहा अर्धा राहिला. बोलता बोलता त्यानं उजव्या हातानं डावा दंड चोळला आणि थोडं हसून म्हणाला, "गाडी सरळ झाली, पण खांद्याला अजून कळलेलं दिसत नाही."

मी म्हणालो, "आठ महिने ओढलंय त्याला. सवय मोडायला वेळ लागेल."

तो थांबला. माझ्याकडं पाहत राहिला, जरा जास्तच वेळ. त्याला काहीतरी विचारायचं होतं, असं मला आज वाटतं. किंवा त्याला उत्तर आधीच सुचलं होतं आणि ते माझ्याही तोंडून येतं का, हे तो बघत होता. मग म्हणाला, "हो, तसंच असणार." आणि उठला.

चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, मगच सांगितलं. हृदयविकाराचा झटका, इथं आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आधी काही त्रास होता का? छातीत, हातात?" वहिनी म्हणाल्या, "नाही हो. खांदा तेवढा दुखायचा, डावा. पण तो गाडीमुळं." डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. वहिनींनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना त्या क्षणी कळलं. मलाही कळलं. आम्ही दोघं त्याबद्दल अजून एकदाही बोललेलो नाही.

पुढच्या आठवड्यात मी कुणाला न सांगता एका दवाखान्यात जाऊन हृदयाचा आलेख काढून आलो. सगळं व्यवस्थित निघालं. तो कागद मी फाडून टाकला.

परवा वहिनींचा निरोप आला. गाडी दीड महिना उभी आहे, नाना म्हणतात बॅटरी उतरेल, तुम्ही एकदा फिरवून आणा. मी गेलो. वहिनी किल्ली घेऊन खाली आल्या. म्हणाल्या, "विकायची नाही भाऊजी. मी दोष देत होते तिला." मी विचारलं, "मग काय करायचं?" त्या म्हणाल्या, "असू द्या. महिन्यातून एकदा चालू करत जा." मी बसलो. माझे पाय जेमतेम टेकत होते. शिंदखेड्याच्या रस्त्याला लागलो. गाडी कुठंही ओढत नव्हती. हात नुसते ठेवले तरी पुरत होते. मागं काही येतंय का म्हणून आरशात पाहिलं, तर रस्ता दिसेना. दोन्ही आरसे त्याच्या उंचीला लावलेले होते. मी बसलो होतो तिथून त्यांत फक्त आभाळ दिसत होतं, उन्हानं पांढरं पडलेलं. हात लावून आरसे खाली वळवणं एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. मागं काय येतंय ते मान वळवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तशीच हळूहळू गाडी घरी आणून लावली.