डोंगरावरचा दिवा

त्रिपुरी पौर्णिमा, दिवेलागण. देवळात हजर: गुरवकाका, सरपंचांच्या सूनबाई, भजनी मंडळातले चौघे, आणि तेल-वातींची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे मी.

आमच्या शंकराचं देऊळ फार जुनं. पार्वती रुसून समोरच्या डोंगरावर जाऊन बसली, अशी इथली कथा. म्हणून त्रिपुरीला आधी आमची दीपमाळ लागते, मग डोंगरावरच्या देवळातून देवीचा दिवा उत्तर देतो. तो दिसल्याशिवाय इथे आरती होत नाही. वरच्या पुजारीणबाई यंदा मुलाकडे शहरात राहायला गेल्या. चंद्र उगवला, सगळा डोंगर उजळला, दिवा मात्र लागला नाही.

"काका, आरती उरकून घ्या. शिरा गार होतोय," सूनबाई म्हणाल्या.

"होऊ दे. देवी अजून बोलली नाही."

"वर माणूसच नाही, तर बोलणार कोण?"

"मग देवाला तसं तूच सांग, सूनबाई. मला नाही जमायचं."

सगळे हसले, पण आरतीचं तबक कोणी उचललं नाही. आम्ही पायरीवर बसून डोंगराकडे बघत राहिलो. ती परत येईल अशी आशा देवानेही कधीच सोडली असेल. ती तिथे आहे, एवढं वर्षातून एकदा कळलं की त्याचं भागत असेल. आपलंही कितीदा तेवढ्यावरच भागतं.

मी उठून तेल, वाती आणि काडेपेटी पिशवीत भरली. वर कोणी जायचं, तेवढं ठरायचं राहिलं आहे.