बाईंचं स्टूल

कापूरहोळला एसटीची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा फोन आला. बाई गेल्या. माझी नात पूर्वा शेजारी होती. तिला मी गावी बाईंकडेच घेऊन निघाले होते. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता हिच्याशी बोलणार कोण? रडू नंतरही आलं नाही.

कुसुमबाई उत्रोलीत आमच्या शेजारी राहायच्या. शाळेत शिकवायच्या. मी चौथी शिकलेली. दुपारी आम्ही बायका त्यांच्या ओटीवर तांदूळ निवडायला बसायचो आणि त्या जुन्या कादंबऱ्या वाचून दाखवायच्या. त्यात हमखास एखादा मास्तर असायचा, नाहीतर शिकलेला नवरा. तो पोरीला शिकवायचा आणि पोर त्याच्यावर जीव टाकायची. आम्हाला गोड वाटायचं. नेमकं तिथंच बाई पुस्तक मिटायच्या. "ही नाही म्हणाली असती, तर त्याचं शिकवणं चालू राहिलं असतं का?"

"आवो, वाचा की फुडं! लगीन तर लागू द्या," आम्ही ओरडायचो. पण कुणीतरी उत्तर दिल्याशिवाय त्या पान उलटायच्या नाहीत.

त्यांचं स्वतःचं लग्न त्यांना शिकवणाऱ्या सरांशीच झालेलं. सर वारले, तरी त्यांच्या खुर्चीत बाई कधी बसल्या नाहीत. स्टुलावर बसून वाचायच्या. मी एकदा म्हटलं, "खुर्ची काय पुजायला ठिवलीय व्हय?" हसल्या... "माणूस चांगला होता गं. जीव होता माझा त्यांच्यावर. पण मी त्यांना शेवटपर्यंत 'सर'च म्हणत राहिले. त्यांच्यापुढं बसायची सवय लागलीच नाही."

पूर्वा कॉलेजात शिकते. तिच्या क्लासचे सर तिला कादंबऱ्या देतात, फी घेत नाहीत. आता त्यांनी लग्नाचं विचारलंय. "आज्जी, ते लई चांगले आहेत," म्हणते. असतील. मला त्याचाच घोर लागलाय.

बाईंच्या सुनेनं ओटी आमच्यासाठी उघडी ठेवलीय. परवा आम्ही जमलो. वाचायला पूर्वा होती. बाईंचा नियम मी तिला वाटेतच सांगितला होता. आल्या आल्या ती स्टुलाकडे वळली. "खुर्चीत बस," मी म्हटलं. बसली. चांगलं वाचत होती. पोरीनं मास्तरचा हात धरला तिथं थांबली. "ही नाही म्हणाली असती, तर..."

तिचा मोबाईल वाजला. नाव बघून ती खुर्चीतून ताडकन उठली. "हो, सर."

बोलत उभीच राहिली. मी स्टूल उचललं आणि आत ठेवून आले. बसायचं तर आता खुर्चीच होती.