धुतलेलं मांस

मनाप म्हणजे माझा नवरा. नाव घेतलं खरं, सासूबाई असत्या तर माझी काही धडगत नव्हती. चाळीस वर्षांत या माणसानं मला कधी हात देऊन घोड्यावर चढवलं नाही. हातावर शिकारीची गरुडीण बसली असली की मात्र हे खोकतानासुद्धा तिची परवानगी घेतल्यासारखे खोकायचे.

आम्हा गरुडानं शिकार करणाऱ्यांत रीत आहे. दहा हिवाळे तिनं शिकार करून दिली की तिला डोंगरात सोडायचं आणि निरोपाची म्हणून एक मेंढी कापून ठेवायची. मग तिनं जोडीदार बघावा, घरटं करावं. उशीर केला तर तिची पिल्लं व्हायची राहतात. हिचा तर अकरावा हिवाळाही सरला होता.

हे एकटेच जाऊन तिला दोनदा सोडून आले. दोन्ही वेळा ती परत आली. "माया लागलीय तिला," असं सगळ्यांना सांगत सुटले. ऐकून माझेही डोळे भरून आले.

मग एका सकाळी गोठ्यामागे परात सापडली. पाण्यात भिजून मांस पांढरंफटक झालेलं. शिकारीच्या दिवसांत ते मीच धुते. रक्त निघून गेलं की पोट भरतं पण भूक राहते, आणि भुकेलेली गरुडीण माणसाच्या हाताकडे वळते. पण आता बर्फ वितळून शिकार संपल्यावर कशाला धुवायचं? आणि निरोपाची मेंढी? ती दोन्ही वेळा दिरांच्या पातेल्यात शिजली होती.

"ही माया नव्हे, उपासमार आहे," मी म्हटलं. "तिची पिल्लं खाताय तुम्ही."

"अगं, हात रिकामा होईल माझा."

"होऊ दे. बायकोचा धरा."

सात दिवस मी तिला लाल, रक्ताळलेलं मांस पोटभर चारलं. आठव्या दिवशी दोघं डोंगरावर गेलो. मेंढी मी स्वतः ठेवली. यांनी तिच्या डोळ्यांवरची टोपी काढली, पायातली वादी कापली.

तिनं पंख उघडले आणि वारा माझ्या तोंडावर आला. अकरा वर्षं घरात वावरलेला जीव, पण ती एवढी मोठी आहे हे मला तेव्हा कळलं. आमच्या डोक्यावर तिनं एक घिरटी घातली.

यांच्या एका हाकेला ती भरल्या पोटीही वळली असती. यांनी तोंड उघडलं. मग तिला बसवायचा चामडी हातमोजाच तोंडात कोंबला आणि ती कड्यापलीकडे जाईपर्यंत चावून धरला.

तो मोजा आता खुंटीला आहे. त्यावर तिच्या नखांच्या खुणा आहेत आणि यांच्या दातांच्याही.