सुलभाताई पिल्लू देत नाहीत

कुत्र्याचे केस आणि सुलभाताईंचे किस्से, दोन्ही झटकून जात नाहीत. रविवारी लोणी काळभोरला त्यांच्याकडे चहाला गेलं की सोमवारी ऑफिसात पँटवर सापडतातच. ताई लॅब्रेडॉरच्या ब्रीडर. पिल्लं विकण्यापेक्षा न विकण्यात त्यांची हयात गेली, असं मी म्हणतो. त्या नाकारत नाहीत.

*

आयटी पार्क उघडली आणि सोलापूर रस्त्याने नव्या गाड्या यायला लागल्या. एक गृहस्थ गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाले, "वडील चॅम्पियन आहेत ना?"

"वडील साताऱ्याला असतात. आई इथे आहे, तिला भेटा. तिला तुम्ही आवडलात तर पुढचं बोलू."

आई, म्हणजे मिनी, त्यांच्याकडे पाठ करून झोपली. ताईंनी चहा मात्र दिला.

*

एका तरुणाला मैत्रिणीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं होतं.

"वाढदिवस किती वेळ चालेल?" ताईंनी विचारलं.

"रात्रीपर्यंत."

"कुत्रं बारा वर्षं चालतं. केक न्या."

*

मिनीचं एक पिल्लू मात्र उरलं. काळी. डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. हृदयात जन्मतः दोष. जपलं तर जगेल, जिने चढवायचे नाहीत.

ताई येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगत. माणसं पुढे केलेला हात मागे घेत. एक दलाल म्हणाला, "मॅडम, सांगता कशाला? वर्षभर कुणाला कळत नाही."

"मला कळलंय ना."

इकडे घरातल्या दांडग्या कुत्र्यांच्या धक्काबुक्कीत काळीच्या हिरड्या निळ्या पडायच्या. तिला शांत घर हवं होतं, आणि लवकर.

*

मग कसबा पेठेतले एक निवृत्त मास्तर आले. एकटेच राहणारे. सगळं ऐकूनही त्यांनी हात मागे घेतला नाही. ताई म्हणाल्या, "आधी घर बघेन." मीही सोबत गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताई अर्ध्या जिन्यातच थांबल्या.

"मास्तर, नाही जमायचं."

"उचलून नेईन की."

"आणि तुमचे गुडघे?"

मास्तरांनी जिन्यावरून खाली पाहिलं. तळमजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. वडील गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

पुढच्या रविवारी मास्तर लोणीला हजर. मागे टोपली घेऊन तो भाऊ.

"भावजयीमार्फत विचारलं," मास्तर म्हणाले. "खालची एक खोली मिळाली."

ताईंनी काळीला टोपलीत ठेवलं. भावाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मास्तरांकडे न बघता ताईंना म्हणाला, "यांना सांगा, ती माझ्या भिंतीच्या बाजूला झोपेल."

मास्तर हातभर अंतरावर उभे होते. ताईंनी त्यांना सांगितलं.