तोंडावर न मारणारा गडी

आजही रागाने मूठ आवळली की तो मुठीवाला आठवतो, आणि मूठ आपोआप सुटते.

दुष्काळाचं साल होतं. शेवगाव भागातल्या एका ठाण्यात मी नवाकोरा फौजदार, डोकं सदा तापलेलं. खडी फोडायच्या कामावरचा मुकादम सकाळी ओढ्यात बेशुद्ध सापडला. जबडा मोडलेला, पुढचा दात अर्धा तुटलेला. पंचनामा चालू असतानाच खबऱ्या कानाशी लागला, "कालच मुठीवाल्याशी त्याची टँकरच्या पाण्यावरून लई वाजली हुती."

मुठीवाला म्हणजे जत्रांमधून उघड्या मुठींनी लढणारा गडी. पंधरा वर्षं लढला, आता त्याच कामावर खडी फोडत होता. त्याला तिथूनच उचलला, रिमांड घेतला. मुकादम दगावला तर हा खुनात जाणार होता, आणि मला तिळमात्र शंका नव्हती. असा नावाजलेला मारकुटा पोलिसांना फार सोयीचा असतो.

दोन दिवस त्याचं एकच, "म्या न्हाई." तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला आणि मी मूठ उगारली. तो जागचा हलला नाही.

"तोंडावर नका मारू, साहेब. दात लागला की हात पिकतो. म्या उभ्या जल्मात कुनाच्या तोंडावर मारलं न्हाई."

माझा हात खाली आला. "मग कसा मारायचास?" मी विचारलं.

त्याने हवालदारासमोर उभं राहून दाखवलं. हनुवटी खांद्यात, गुडघे वाकलेले, डावा हात पुढे आणि ठोसा फक्त बरगडीखाली. समोरचा दम घ्यायला खाली बसला की लढत संपली. मी त्याची बोटं उलटसुलट पाहिली. तळव्याला घट्टे होते, पण मुठीवर ताजा ओरखडासुद्धा नव्हता.

मग हात पिकलाय कुणाचा? आसपासच्या दवाखान्यांत शिपाई धाडले. दुपारीच कळलं की टँकरचा ड्रायव्हर सुजलेला हात घेऊन आला होता, आणि डॉक्टरांनी जखमेतून दाताचा तुकडा काढला होता. तासाभरात तो कबूल झाला. कामावरचं पाणी तो एका बागायतदाराच्या विहिरीत ओतायचा, आणि मुकादमाने त्याला पकडलं होतं.

पुढे मुकादम शुद्धीवर आला. बोलता येईना, म्हणून त्याने कागदावर ड्रायव्हरचंच नाव लिहिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी दवाखान्याच्या पायरीवरच बसलो. एका निरपराध माणसाला मी जवळजवळ फासावर नेऊन ठेवलं होतं.

मुठीवाल्याला सोडताना माफी मागायची होती, पण जीभ रेटली नाही. चहा मागवला. तो सावकाश प्यायला, उठला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघून म्हणाला, "वाचला तुमचा हात, साहेब."

त्यानंतर सारी नोकरी संपली, पण कोठडीत मी कुणावर हात उगारला नाही.