सुईच्या बाई

दवाखान्यात नवा माणूस आला की सुईच्या बाई पहिली सुई स्वतःला टोचून घेत. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या मऊ जागी सुई घालत आणि ती तशीच ठेवून त्याच हातानं समोरच्याला पाण्याचा तांब्या देत. "बघ, रगत न्हाई, काय न्हाई. मी बोलतेय न्हवं तुझ्याशी? मग झालं तर." माणूस पाणी प्यायचा, हसायचा, आणि त्याचे ताठलेले खांदे खाली यायचे. मग बाई आपली सुई काढून डब्यात टाकत, हात धुवत आणि त्याच्यासाठी नवं पाकीट फोडत.

त्यांचं नाव कमल. शिकलेल्या, रीतसर डॉक्टर. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत झाली. लहानपणापासून त्यांना स्वतःला शिंकांचा आणि दम्याचा त्रास. काजू-आंब्याला मोहोर आला की त्यांचं नाक सुरू व्हायचं. "गोळी खाऊन मी पेशंटच्या आधी पेंगायची," असं त्या सांगत. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी एकदा ॲक्युपंक्चर करून घेतलं, थोडा आराम पडला, आणि मग रजा काढून त्या स्वतःच ते शिकून आल्या. निवृत्त झाल्यावर रामनगरला आल्या आणि गोव्याच्या रस्त्यामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत त्या.

मी खानापूरकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासरी पिठाची गिरणी होती. नवरा ट्रक घेऊन गोव्याच्या फेऱ्या करायचा, म्हणून गिरणी माझ्याकडे आली आणि मला ती आवडली. तांदूळ, नाचणी, जोंधळा कशाचं पीठ पडतंय ते पट्ट्याच्या आवाजावरून ओळखू यायला लागलं. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंका सुरू झाल्या. सकाळी पट्टा चढवला की ज्या लागायच्या त्या दुपारपर्यंत. डोळे सुजायचे, हातांवर गांधी उठायच्या, रात्री छाती घरघरायची. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या एक दिवस म्हणाल्या, "गिरण विकून टाकूया. तुझा जीव जायाचा असला तर काय करायची ती गिरण?" त्यांचं खोटं नव्हतं. पण त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

म्हणून मी बाईंकडे गेले. त्यांनी आधी सुईचं नावच काढलं नाही. काय होतं, कधी होतं, काय दळताना जास्त होतं, झोपतेस कुठं, पीठ झाडतेस कशानं, असं विचारत राहिल्या. एकेक प्रश्न विचारून गप्प बसायच्या, माझं सगळं सांगून होईपर्यंत. मग म्हणाल्या, "हे बघ सुमे, तुझ्या अंगात एक राखणदार हाय, पर लई भित्रा हाय. पिठाला चोर समजून बोंब मारतोय. त्याला मारायचं न्हाई, जरा शांत करायचं. मी तुला बरी करीन असं म्हणत न्हाई. तरास कमी होतोय का बघू."

सुई टोचते ती मुंगी चावल्यासारखी. मग ती जागा जड होते, आणि तो जडपणा हळूहळू हाताभर पसरत जातो. सुया हातांना, गुडघ्याखाली, दोन भुवयांच्या मध्ये आणि शेवटी नाकाच्या दोन्ही बाजूंना. बाई तोंडानं बोलत राहायच्या आणि हात आपलं काम करत राहायचे. सुया घालून झाल्या की इतर ठिकाणी पेशंटला एकटं सोडतात असं ऐकलं होतं. बाई खाटेजवळच स्टूल घेऊन बसायच्या. रेडिओवर बारीक आवाजात कन्नड भावगीतं लागलेली असायची आणि त्या मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत तो सुपाचा आवाज. लग्नानंतर दिवसाउजेडी मी कधी आडवी झाले नव्हते. त्या खाटेवर कुणीतरी मला डॉक्टरी अधिकारानं आडवं केलं होतं, आणि मी पहिल्या दिवशी घोरलेसुद्धा.

चार-दोन वेळा गेल्यावर एका सकाळी बाई स्वतः गिरणीत आल्या. नाकाला पदर लावून कोपऱ्यात बसल्या आणि माझं काम बघत राहिल्या. त्यांनाही शिंका येत होत्या. दोघी शिंकतोय आणि दळायला आलेल्या बाया हसतायत, असं चाललं होतं. जाताना म्हणाल्या, "मिरचीचं कांडप ह्या खोलीतनं बाहेर काढ. झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. आन् तोंडाला मास्क. कोरोनात लावलास न्हवं? मग आता काय लाज वाटतीय?" इनहेलर सोडायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. "सुई तुझ्या सोबतीला हाय. छाती भरली तर आधी इनहेलर, मग माझी आठवण काढ."

त्या वर्षी सुगीला दळण वाढलं तरी मी गिरणीत उभी राहू शकले. शिंका गेल्या नाहीत, पण मोजक्या झाल्या, आणि मी रात्रीची झोपू लागले. सुईनं झालं, मास्कनं झालं, की कुणीतरी नीट विचारलं म्हणून झालं, मला सांगता येणार नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मलाबी ठाव न्हाई. तू उभी हाईस न्हवं? आत्तीला सांग, गिरण न्हाई विकायची."

त्यांच्या दवाखान्यातला एक प्रसंग सगळ्या रामनगरला माहीत आहे, पण तो मी डोळ्यांनी बघितला. मी खाटेवर होते, नाकाला, कपाळाला सुया. दारात जीप थांबली. जोयड्याकडच्या रानातला सोमा, मध काढायला गेलेला, त्याला माश्या चावल्या होत्या. तोंड सुजून डोळे मिटलेले, घशातून शिट्टीसारखा आवाज. त्याची बायको रडत नव्हती, नुसती बाईंचा हात धरून म्हणत होती, "बाई, तुमची सुई घाला. लवकर घाला."

"ही सुई न्हाई ह्याला," बाई म्हणाल्या. कपाटातून वेगळं इंजेक्शन काढलं, त्याच्या मांडीत दिलं, आणि चपला न घालता जीपमध्ये चढल्या. मला म्हणाल्या, "सुमे, तुझ्या तू काढ. सावकाश." मी दारात उभी, तोंडावर सुया, आणि जीप मोठ्या दवाखान्याच्या दिशेनं गेलेली. समोरचा पानवाला माझ्याकडे बघून जागच्या जागी उठून उभा राहिला.

सोमा वाचला. त्याच्या बायकोनं गावोगाव सांगितलं की बाईंच्या सुईनं वाचवलं. मग कुणाला विंचू चावला, कुणाचा श्वास कोंडला, जो तो बाईंकडे. बाई फार चिडल्या. मी त्यांना चिडलेलं तेव्हाच पाहिलं. बाजाराच्या दिवशी त्या स्वतः भाजीवाल्यांमध्ये, बसस्टँडवर, जीपवाल्यांमध्ये हिंडल्या आणि प्रत्येकाला सांगत सुटल्या, "ती सुई येगळी, ही सुई येगळी. श्वास कोंडला, तोंड सुजलं, तर माझ्या दारात थांबायचं न्हाई, सरळ मोठ्या दवाखान्यात जायाचं. माझ्या दारात येळ घालवून कोण मेलं तर ते पाप माझ्या नावावर." आपली ख्याती अशी हातानं पुसत फिरणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

गणेशगुडीला नदीत राफ्टिंग करायला पर्यटक येतात, तिथल्या एका लॉजवाल्यानं त्यांना पाहुण्यांसाठी येऊन बसायला बोलावलं होतं. बाई एकदा गेल्या आणि संध्याकाळच्या बसनं परत आल्या. "नदीत बोटीतनं उड्या मारून आलेली माणसं. त्यांचं काय दुखतच न्हाई. मी तिथं काय करू?"

लग्न केलं नव्हतं त्यांनी. एकदा मी खाटेवर पडल्या पडल्या विचारलं, "बाई, तुम्हाला एकटं वाटत न्हाई?" सूप थांबलं. "वाटतं की. म्हणून तर ही खाट हितं आन् माझं स्टूल हितं. ह्यावर जो पडंल तो तेवढ्या येळेपुरता माझा. उठला की ज्याचा त्याला." आणि सूप पुन्हा सुरू झालं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्या दुपारी सुया काढून झाल्यावरसुद्धा मी थोडा वेळ उठले नाही, आणि बाईंनी उठवलं नाही.

मग एका थंडीत त्या माझ्या नाकाशी सुई घेऊन वाकल्या आणि थांबल्या. सुई माझ्या नजरेसमोर होती. तिचं टोक हलत होतं. बाई सरळ झाल्या, दुसऱ्या हातानं तो हात धरला, पुन्हा वाकल्या, पुन्हा थांबल्या. मग सुई डब्यात टाकली.

"आज न्हाई, सुमे."

"थंडीनं असंल, बाई."

"थंडीनं न्हाई. चहा ओतताना कवापासनं बघतेय मी." त्यांनी तो हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, एखाद्या पेशंटच्या हाताकडे बघावं तशा. "हितं शेजारी डोळा असतोय."

"मग पायाला घाला. हाताला घाला. मला चालतंय."

"तुला चालतंय," त्या म्हणाल्या. "मला चालत न्हाई."

बेळगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बाईंनी दवाखाना लगेच बंद केला. जो येईल त्याला हात पुढं करून दाखवायच्या, कारण सांगायच्या आणि दुसरीकडचा पत्ता द्यायच्या. मलाही बेळगावचे एक डॉक्टर सांगितले, फोन करून माझी सगळी हकीकत त्यांना कळवली. मग धारवाडहून त्यांचा भाऊ आला. सामान एका जीपमध्ये मावलं. आत्तीनं भाकरी बांधून दिल्या. जीप वळेपर्यंत बाई मागं बघत होत्या, आणि मी कधी नव्हे ते गिरणी उघडी टाकून रस्त्यात उभी होते.

बेळगावचे डॉक्टर चांगले आहेत. सुया नेमक्या जागी बसतात, आरामही पडतो. सुया घातल्या की ते पडदा ओढून दुसऱ्या पेशंटकडे जातात, त्यांनाही कामं आहेत. मी छताकडे बघत पडते. झोप लागत नाही.

धारवाडला मी जमेल तशी जायची. दर वेळी बाई थोड्या आटलेल्या दिसायच्या. आवाज इतका बारीक झाला की फोनवर ऐकू येईना. गेल्या वर्षी त्या वारल्या. भावाचा फोन आला तेव्हा गिरणी चालू होती, मी पट्टा उतरवला आणि दळायला आलेल्या बायांना परत पाठवलं. आजही काही सांगण्यासारखं घडलं, मुलीचा वर्गात नंबर आला किंवा आत्ती पडली, की आधी तोंडात त्यांचं नाव येतं.

शेवटची भेट त्या जाण्याच्या थोडी आधीची. दुपार होती. बाई पलंगावर, मी शेजारी खुर्चीवर. त्यांनी माझा हात धरला होता. त्यांचा हात सारखा हलत होता, त्याच्याबरोबर माझाही. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"गिरण चालू हाय?"

"हाय, बाई."

"मग बोल."

मी बोलत राहिले. सोमाला नातू झाला, पानवाल्यानं दुकान वाढवलं, आत्तीला आता कमी ऐकू येतं, नाचणीचं दळण वाढलंय, शहरातली माणसं मागतात म्हणून. मध्येच बघितलं तर बाईंचे डोळे मिटले होते. दारातून भावाची बायको हळूच म्हणाली, "झोपल्या का? किती दिवसांनी दुपारच्या झोपल्या. तुमच्या रामनगरच्या बसची वेळ झाली की पण."

"दुसरी मिळेल," मी म्हटलं. त्या दिवशी दुसरी नव्हती, ते तिलाही माहीत असणार. ती आत गेली.

मी माझ्या हातातल्या त्यांच्या हाताकडे बघितलं. जागेपणी एक क्षण न थांबणारा तो हात झोपेत अगदी स्थिर झाला होता. मी बसून राहिले.