दोन किलोसायकल वर

सुभेदारसाहेब त्याला ‘बेटा’ म्हणायचे आणि मला ‘भंडारा’.

भंडारा हा माझा जिल्हा. तिकडून सातवी अर्धवट सोडून मी नाशकात आलो आणि जळालेल्या विजेच्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून भरून देणाऱ्या एका दुकानात चिकटलो. तिथेच साहेब एकदा एक ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. मी तो भरून दिला तेव्हा त्यांनी गुंडाळीचे वेढे निरखून बघितले आणि विचारलं, “हात चांगला आहे. कान कसा आहे?” मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे.

साहेब फौजेतून, संदेश पाठवणाऱ्या सिग्नल दलातून निवृत्त झालेले. देवळाली कॅम्पला घर, अंगणातल्या दोन निलगिरींमध्ये ताणलेली तांब्याची तार, आणि त्या तारेच्या जिवावर जगभरच्या लोकांशी मोर्समध्ये बोलणं. या छंदाला हॅम रेडिओ म्हणतात, हे मला तिथे कळलं. चार वर्षं दर रविवारी मी शहर बसने तिकडे गेलो. त्यांनी मला मोर्स शिकवलं, परीक्षेपुरतं इंग्रजी घोकून घेतलं, फॉर्म स्वतः भरला. माझं लायसन्स आलं तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले. माझ्यासाठी पेढे वाटणारं दुसरं कोण होतं इथे? तरी एक धास्ती कायम असायची. आज साहेब म्हणतील, भंडारा, आता पुरे, पुढच्या रविवारी येऊ नकोस. त्यांनी कधीच तसं म्हटलं नाही. पण धास्ती काही गेली नाही.

मग तो आला. बँकेत अधिकारी, पंचविशीतला, पदवीधर. इंग्रजी असं बोलायचा की जणू घरात तेच बोलतात. त्याच्या भावाने परदेशातून ट्रान्सीव्हर पाठवलेला, चकचकीत, हिरव्या आकड्यांचा. पण सोसायटीवाले फ्लॅटच्या गच्चीवर तार लावू देईनात, म्हणून तो पेटारा थेट साहेबांच्या टेबलावर आला. त्या टेबलावरचा जुना सेट मी दोन वर्षांपूर्वी उघडून दुरुस्त केला होता. तो आता जमिनीवर, मोरीच्या भिंतीशी.

“भंडारा, हे बघ! एकच बटण फिरवायचं, ऐकणं आणि बोलणं दोन्ही बरोबर चालतं,” साहेब म्हणाले. सत्तरीचा माणूस पोरासारखा हरखलेला.

“छान आहे, साहेब,” मी म्हणालो.

माझ्याकडे दोन वेगळे डबे होते. ऐकायचा रिसीव्हर भंगारातला, बोलायचा ट्रान्समीटर माझ्या हाताने केलेला. दोघांची बटणं वेगळी, त्यामुळे दोघांना एका जागी, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, आणणं हीच रोजची कसरत. पण कोणी लांबचा, दुर्मिळ ऑपरेटर आला की हेच डबे कामाला येत. शेकडो लोक एकाच वेळी हाका मारतात, त्यात त्याचा आवाज बुडून जातो. म्हणून तो एका जागी बोलतो आणि ऐकतो थोडं वर, फ्रिक्वेन्सीच्या मापाने एकदोन किलोसायकल सोडून. बोलून झालं की मोर्समध्ये ‘अप’ पाठवतो, म्हणजे मला वर हाक मारा. आपणही त्याला खाली ऐकायचं आणि हाक वर द्यायची. याला स्प्लिट म्हणतात. माझे डबे मुळातच दोन, मला स्प्लिटसाठी काहीच करावं लागत नसे. बँकवाल्याच्या पेटाऱ्यात मात्र वरची जागा वेगळी लावून ठेवायची आणि मग ‘स्प्लिट’चं बटण दाबायचं, की वर लाल दिवा लागतो.

त्या हिवाळ्यात हिंदी महासागरातल्या एका बेटावर पाचसहा हौशी ऑपरेटर आठवडाभरासाठी गेले होते. त्या बेटावर कायमचा कोणी ऑपरेटर नव्हता. साहेब वीस वर्षं त्या बेटाशी एकदा बोलायची वाट बघत होते. एकदा ऐन वेळी बदली झाली होती, एकदा टायफॉइड. “हे बेट मिळालं की मी मरायला मोकळा,” ते म्हणायचे आणि बायको आतून ओरडायची, “आधी गच्चीचं गळणं बघा, मग मरा!”

आठवडाभर बेट ऐकू आलं नाही. शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी आलं, स्वच्छ. दुपारी त्यांची बोट निघणार होती.

साहेबांचा हात तोवर थरथरू लागला होता, आणि बारीक आवाज कानाला लागत नव्हते. इतकी वर्षं असं काही आलं की ते म्हणत, “भंडारा, बस.” मी खुर्चीकडे सरकलोही होतो.

“बेटा, बस,” ते म्हणाले. “तुझं मशीन तुलाच ठाऊक. हाक माझ्या कॉलसाइनने द्यायची हं. भंडारा, तू लॉग लिही.”

कॉलसाइन म्हणजे लायसन्सवर मिळालेलं हवेतलं नाव, आणि लॉग म्हणजे नोंदवही. आपण हवेत सोडलेली प्रत्येक हाक तिच्यात लिहावी लागते. उत्तर येवो न येवो, वेळ लिहायची आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोललो ते लिहायचं. लायसन्सचा नियमच आहे तसा. मी वही घेऊन स्टुलावर बसलो.

त्याने वरची जागा लावली. बरोबर लावली. मग हाक दिली. मोर्सची की दाबल्याबरोबर हिरवे आकडे वर सरकायला हवे होते. सरकले नाहीत. लाल दिवा विझलेला. त्याने बटणच दाबलं नव्हतं. तो बेटाच्या अंगावरच ओरडत होता.

मी पेन्सिल उचलली आणि जे आकडे दिसत होते ते लिहिले. तोंड उघडलं नाही.

खरं सांगतो, मला वाटलं, होऊ दे एकदा. साहेबांना कळू दे की मशीनने ऑपरेटर होत नाही. दोन हाका, तीन हाका, मग ते म्हणतील, ऊठ, भंडाऱ्याला बसू दे. मी त्या वाक्याची वाट बघत होतो.

हवेत कोणीतरी चिडून ‘अप अप’ पाठवू लागलं. तो म्हणाला, “अंकल, बघा, वर बोलावताहेत. आपण वरच आहोत.”

“देत राहा, बेटा,” साहेब म्हणाले. त्यांचा कान स्पीकरला जवळजवळ चिकटलेला. “गर्दी असणारच.”

पुन्हा हाक. पुन्हा मी आकडे लिहिले. वीस मिनिटं गेली असतील. समोर त्याच्या मानेवरची कोरी कॉलर दिसत होती, आणि साहेबांचा हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

मग एका जबर स्टेशनने सावकाश, ठोकून पाठवलं, ‘लिड’, आणि त्यामागे साहेबांचं कॉलसाइन. अडाणी ऑपरेटरला हवेत देतात ती शिवी आहे ही. एवढा मोठा आवाज साहेबांनाही ऐकू आला. त्यांनी कान स्पीकरपासून बाजूला घेतला आणि तसेच ताठ बसून राहिले.

हाक त्यांच्या नावाने जात होती. चार वर्षं मी ते कॉलसाइन ऐकतोय, आणि वीस मिनिटं मला हे सुचलंच नाही की जगाला बँकवाला दिसत नाही, साहेब दिसतात.

“साहेब, बटन!” मी ओरडलो. “स्प्लिटचं बटन दाबलंच नाही, त्याच्यावरच बोलून राहिलो आपण!”

“ओ गॉड,” तो म्हणाला आणि बटण दाबलं. दिवा लागला. आकडे सरकले. त्याने दोन हाका दिल्या, आता अगदी बरोबर. खाली बेट कोणाला तरी उत्तर देत होतं, आणि मग बेटाने सगळ्यांचा निरोप घेतल्याची खूण पाठवली. पुढे नुसता खरखराट.

तो पांढराफटक पडला. “अंकल, सॉरी. माझ्यामुळे...”

“अरे, पहिल्यांदा सगळेच चुकतात,” साहेब म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्या थोपटण्याचाही मला हेवा वाटला. चूक त्याची होती म्हणून हात त्याच्या खांद्यावर. माझी चूक कोणाला दिसलीच नव्हती.

तो तोंड धुवायला आत गेला. साहेबांनी माझ्या मांडीवरची वही घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग खाली खाली नेलं. प्रत्येक ओळीत तीच फ्रिक्वेन्सी, बेटाची, माझ्या अक्षरात.

“लॉग बरोबर लिहिलायस,” ते म्हणाले. “पहिल्या ओळीपासून.”

मी पेन्सिल खिशात ठेवू लागलो.

“मग तोंडाला काय कुलूप होतं?”

“तुम्ही त्याले बेटा म्हणता, साहेब.” तिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि हेच बाहेर पडलं.

साहेबांना हसूच फुटलं. “अरे मूर्खा, त्याचं नाव माझ्या लक्षात राहत नाही! विचारायची आता लाज वाटते. म्हणून बेटा.” मग हसू विझलं. वही मिटून त्यांनी टेबलावर ठेवली. “वीस वर्षं, भंडारा.”

एवढंच म्हणाले. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी जावं की नाही, म्हणून मी दोन बसेस सोडल्या. तिसरीत चढलो. तो खुर्चीतच होता. साहेब म्हणाले, “आलास? याला ते दोन जागांचं प्रकरण समजाव. मला या मशीनचे आकडे दिसत नाहीत. आणि गेल्या वेळचं काय ते मनात ठेवू नका, दोघंही.” त्याला वाटलं, साहेब त्याच्याच चुकीबद्दल बोलताहेत. मी दुरुस्ती केली नाही.

मी त्याच्या खांद्यावरून वाकलो आणि सगळं सांगितलं. आधी खाली नुसतं ऐकायचं. मग वर जाऊन त्या लांबच्या ऑपरेटरने शेवटी ज्याला उत्तर दिलं तो शोधायचा, आणि त्याच्या शेजारी हाक टाकायची. दिवा बघायचा, आकडे बघायचे, मगच की दाबायची. काही हातचं राखलं नाही.

“दादा, तुम्ही भारी सांगता,” तो म्हणाला आणि पहिल्याच झटक्यात सगळं बिनचूक करून दाखवलं. मला ते यायला सहा महिने लागले होते.